फाट्यापाशी

दोन वर्षांपूर्वी मौद्याजवळच्या एका शाळेतून मला निरोप आला. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांना नहराची प्रतिकृती हवी होती. पेंच प्रकल्पाचे पाणी आमच्या तालुक्यातल्या धानाच्या बांध्यांपर्यंत कसे येते, ते फळीवर कोरून दाखवायचे. मुख्य कालवा, त्यातून निघणारी वितरिका, तिच्यातून लघुवितरिका आणि शेवटी शेतचाऱ्या. (कागदोपत्री ही नावे आहेत. आमच्याकडे या सगळ्याला नहरच म्हणतात, आणि जिथे तो फुटतो त्या जागेला फाटा.) वरून लोटाभर पाणी ओतले की ते खालपर्यंत वाहत गेले पाहिजे, एवढीच अट.

मी पेशाने आरेखक. आयटीआयचा अभ्यासक्रम आणि कारखान्यातली नोकरी यापलीकडे शिक्षण नाही. जे पुढे वाचले ते स्वतःच्या हौसेने. संगणकावर फ्रीकॅड नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे, तिच्यात मी घन आकृत्या काढतो. हे काम दुपारभराचे वाटले. आधी नहराचा आडवा छेद काढला: वर रुंद, खाली अरुंद, म्हणजे समलंब चौकोन. मग नहराची वाट काढली, एक रेष आणि तिला झाडासारख्या फांद्या. आता हा छेद या वाटेवरून फिरव आणि जेवढी जागा व्यापेल तेवढी फळीतून वजा कर, असे संगणकाला सांगितले. संगणकाने नकार दिला. वाट एकसलग नाही, एवढाच त्याच्या लाल अक्षरांतल्या संदेशाचा अर्थ. फांद्या पुसून एकच रेष ठेवली तेव्हा क्षणात सुंदर खाच उमटली. एक फांदी परत जोडली, पुन्हा नकार.

या क्रियेला ‘स्वीप’ म्हणतात. दिवाळी अंकाच्या वाचकाला ती समजावून सांगायला फार लांब जायला नको, घरातला सोऱ्या पुरे. सोऱ्याच्या तळाला जी काटेरी भोकाची चकती असते तो छेद. हात ज्या वळणाने फिरतो ती वाट. आणि ताटात पडते ती चकली. चकली हा उत्तम स्वीप आहे. पण सोऱ्यातून फांदी फुटलेली चकली पाडून दाखवा. पडणार नाही. दोन तुकडे पाडून बोटाने चिकटवावे लागतील, आणि चिकटवलेल्या जागी काटे मोडतील. संगणक नेमके हेच सांगत होता.

काम अडले म्हणून मी त्या अडचणीचा इतिहास शोधू लागलो. अशा शोधाला माझ्याकडे आणखी एक कारण आहे. ते पुढे सांगतो.

छेद गुणिले वाट, ही कल्पना फार जुनी आहे. चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या पॅपसच्या नावावर जो सिद्धान्त आहे आणि सतराव्या शतकात स्विस गणिती पॉल गुल्डिन याने जो पुन्हा मांडला, त्याचा मथितार्थ असा की एखादी सपाट आकृती अक्षाभोवती फिरली तर व्यापलेल्या जागेचे घनफळ म्हणजे आकृतीचे क्षेत्रफळ गुणिले तिच्या मध्यबिंदूने चाललेली वाट. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) खड्ड्यांसाठी ‘खातव्यवहार’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यातले एक उदाहरण मला फार आवडते, कारण ते खरोखर खणलेल्या खड्ड्याचे आहे. बाजू वेड्यावाकड्या आहेत, म्हणून लांबी तीन ठिकाणी मोजली तर १०, ११ आणि १२ हात भरते. रुंदी ५, ६, ७. खोली २, ३, ४. तर तिन्हींची सरासरी घ्या. ११ गुणिले ६ गुणिले ३, म्हणजे १९८ घनहात. कुदळीने खणलेली बाजू कधी सरळ येत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाचे हे गणित आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापलेल्या मठाची नोंद आहे, तेव्हा हे गणित खानदेशच्या मातीत शिकवलेही जात होते. याच प्रकरणात वर मोठ्या आणि खाली लहान तोंडाच्या खातकाचेही अचूक सूत्र आहे. १२ बाय १० हातांचे तोंड, ६ बाय ५ चा तळ, ७ हात खोली, उत्तर ४९०. आमच्या नहराच्या समलंब छेदाचा हा थोरला भाऊच म्हणा. मात्र ही सगळी खातके एकेकटी आहेत. एक खातक दुसऱ्याला जिथे मिळते तिथली माती दोनदा मोजली जाऊ नये म्हणून काय करायचे, हा प्रश्न तिथे येत नाही.

तो प्रश्न सैन्यामुळे ऐरणीवर आला. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मेझिएर इथल्या लष्करी अभियांत्रिकी शाळेत गास्पार मोंज (१७४६–१८१८) नावाचा तरुण होता. शत्रूच्या तोफेच्या टप्प्यातून किल्ला कसा वाचवायचा हे तोपर्यंत लांबलचक आकडेमोड करून ठरवत. मोंजने ते कागदावर रेषा काढून सोडवले, आणि इतक्या लवकर की वरिष्ठांनी आधी त्याचे उत्तर तपासायलाच नकार दिला. नंतर पद्धतीची किंमत कळली, तेव्हा ती लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली. १७९५ मध्ये त्याने तिच्यावर जाहीर व्याख्याने दिली, १७९९ मध्ये पुस्तक आले. आज शाळा-कॉलेजात जिला वर्णनात्मक भूमिती म्हणतात ती हीच. दोन घन वस्तू एकमेकींत घुसल्या तर त्यांच्या सांध्याची रेष कशी दिसेल, हे अचूक काढण्याची रीत तिने दिली. पुण्यात १८५४ साली सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायला अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तोच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाला. अशा वर्गांतून ही भूमिती इथल्या पाटबंधाऱ्यांच्या कचेऱ्यांत उतरली.

आयटीआयमध्ये मी ही रीत पेन्सिलीने शिकलो. दोन नळ्या एकमेकींना छेदतात. एकीच्या परिघाचे बारा भाग करा, प्रत्येकाची रेष दुसऱ्या दृश्यावर न्या, जिथे मिळतील तिथे ठिपका, मग सगळे ठिपके फ्रेंच कर्व्हने जोडा. एक सांधा काढायला एक तास. सगळा वर्ग या प्रकरणाला घाबरायचा. नळीची लांबी काढताना कुणी कधी चुकला नाही. जो चुकायचा तो सांध्यात चुकायचा.

नोकरीत गेल्यावर पाहिले की कारखान्यातले नकाशेही सांधा टाळतात. साच्यात वितळलेला धातू ज्या खाचांतून धावतो त्या झाडासारख्या फुटतात. मुख्य खाचेचा छेद नकाशावर असे, फांदीचाही असे. ती दोन जिथे मिळतात तिथे मात्र इंग्रजीत एक शेरा असे: कामाच्या जागी जुळवून घ्या. म्हणजे ती जागा कानस हातात असलेल्या फिटरवर सोपवलेली.

संगणकाने हे बदलले असेल, अशी माझी समजूत होती. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड याने ‘स्केचपॅड’ हा प्रबंध लिहिला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा काढायच्या आणि या दोन समांतर राहू देत, हा कोपरा काटकोन राहू दे, अशी बंधने घालायची, ही कल्पना तिथून आली. सत्तरच्या दशकात केंब्रिजमध्ये इयन ब्रेड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घन आकृत्या संगणकात साठवण्याची पद्धत बसवली. वस्तू म्हणजे तिचे पृष्ठभाग, कडा आणि कोपरे यांची एकमेकांशी बांधलेली यादी. आणि एका वस्तूतून दुसरी वजा करणे म्हणजे दोघींच्या पृष्ठभागांच्या छेदरेषा शोधून ती यादी नव्याने लिहिणे. माझा आयटीआयमधला एक तास तिथे सेकंदाच्या भागावर आला. पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सॅम्युअल गाइसबर्गच्या कंपनीने ‘प्रो-इंजिनीअर’ बाजारात आणले आणि १९९५ मध्ये ‘सॉलिडवर्क्स’ आले, तेव्हा आणखी एक गोष्ट रुळली. आकृती कोणत्या क्रमाने घडली, आधी काय जोडले, मग काय कापले, हा क्रम आकृतीबरोबरच जतन होऊ लागला. पडद्याच्या डाव्या बाजूला ती पायऱ्यांची यादी दिसते. तिला म्हणतातही हिस्टरी.

इतिहासाची आवड असणाऱ्याला या शब्दापाशी थांबावेच लागते. तयार वस्तू हातात असेल आणि क्रमाची यादी हरवली असेल, तर आकारावरून क्रम ओळखता येतो का? यासाठी वेगळी प्रणाली लागते. सॉलिडवर्क्समध्ये ‘फीचरवर्क्स’ नावाचा असा भाग आहे, आणि तो मुंबई-पुण्यात काम करणाऱ्या जिओमेट्रिक या कंपनीने घडवला. नुसत्या आकारावरून, हे भोक असावे, ही खाच असावी, असा तर्क तो करतो. फाट्यापाशी मात्र असा कुठलाही तर्क मुळातच तोकडा पडतो. दोन सारख्या खोलीच्या खाचा जिथे मिळतात तिथे कोणती आधी कापली, हे आकार सांगत नाही. कान्हेरीच्या डोंगरावर हिंडताना मला हे पुन्हा आठवले. तिथे लेण्यांच्या माथ्यावर आणि बाजूला खडकात पन्हळी कोरलेल्या आहेत, पावसाचे पाणी टाक्यांत नेण्यासाठी. प्राकृत शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि पोढी दान करणाऱ्यांची नावे खडकावर कोरली आहेत. एक पन्हळ दुसरीला जिथे मिळते तिथे बसून मी बराच वेळ पाहिले. छिन्नीचे घाव पाण्याने गुळगुळीत झालेले. दात्याचे नाव टाक्यावर टिकले. ही पन्हळ त्या पन्हळीत कुठे सोडायची हे ज्याने ठरवले, त्याचा पत्ता नाही.

पण मूळ प्रश्न तसाच राहिला होता: वजाबाकी इतकी सहज करणारा संगणक फांदी असलेली वाट का नाकारतो?

उत्तर कळायला मला काही आठवडे लागले, आणि कळल्यावर ते अगदी साधे निघाले. सपाट छेदाला तोंड असते. तो वाटेवरून चालताना नेहमी वाटेच्या दिशेला काटकोनात उभा राहतो, बैलगाडीचे जू जसे रस्त्याला आडवे असते तसा. वाटेच्या प्रत्येक बिंदूवर दिशा एकच हवी. वक्र वाटेवर ही दिशा आणि तिच्या काटकोनातल्या दिशा कशा काढायच्या याची सूत्रे फ्रेनेने १८४७ मध्ये आणि सेरेने १८५१ मध्ये दिली. ती सूत्रेही गृहीत धरतात की वाट प्रत्येक ठिकाणी एकाच दिशेने पुढे जाते. फाट्याच्या बिंदूवर दिशा दोन. छेदाने तोंड कुणीकडे करायचे? संगणक माठ आहे म्हणून अडत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच नसते.

मग खऱ्या यंत्राला हा प्रश्न का पडत नाही? ज्या राउटरवर मी फळी कोरून घेणार होतो, त्यात फिरणारा कटर असतो. तो मुख्य खाच कोरतो, वर उचलला जातो, फाट्यापाशी पुन्हा उतरतो आणि फांदी कोरतो. सांधा आपोआप स्वच्छ येतो. कारण फिरत्या कटरला तोंड नसते. तो सगळीकडून सारखा. गोल नाकाचा कटर तर चेंडूच. चेंडू एखाद्या वाटेवरून सरकला तर जे पृष्ठ उमटते, त्या कुळाचा अभ्यास पुन्हा त्या मोंजनेच केला होता, आणि भूमितीत त्या पृष्ठांचे नाव काय असावे? कालवा-पृष्ठे. हे वाचले त्या रात्री मी उठून अंगणात चकरा मारल्याचे आठवते. नहराचे चित्र काढता काढता अडलो होतो, आणि वाट दाखवणाऱ्या पृष्ठाचे नावच नहर निघाले.

इथून युक्ती सुचली. प्रत्येक फांदीचा स्वीप वेगळा करायचा. फांदीची वाट मुख्य खाचेच्या काठाशी न थांबवता तिच्या मध्यरेषेपर्यंत न्यायची. आणि जिथे मध्यरेषा मिळतात तिथे अर्धा छेद उभ्या अक्षाभोवती गरकन फिरवून एक गोल खळगा कापायचा, जणू कटर तिथे क्षणभर उभाच राहिला. छेद दोन्ही बाजूंना सारखा असला की झाले. वळण फार आवळून चालत नाही. वाटेची त्रिज्या छेदाच्या अर्ध्या रुंदीपेक्षा लहान झाली की आतली कड स्वतःवरच दुमडते आणि संगणक पुन्हा अडतो. एवढे सांभाळले की फाटा साधतो. तीन-चार प्रयत्नांत साधलाही.

पण तो गोल खळगा पडद्यावर पाहिला आणि वाटले, हे आपण पाहिलेले आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यात, कात्रजच्या तलावाचे पाणी शहरात आणायला जो दगडी नळ बांधला, त्याच्या फाट्यांचे पाणी पेठांतल्या हौदांत पडत असे. काळा हौद, बदामी हौद ही नावे अजून चालतात. औरंगाबादेत, तेव्हाच्या खडकीत, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी आणली, तिच्याही वाटेवर ठिकठिकाणी चुनेगच्ची मनोरे आणि कुंड्या आहेत. हौदात पाणी थांबते, गाळ खाली बसतो, लोक पाणी भरतात. ही कारणे सगळे सांगतात आणि ती खरीच आहेत. भूमितीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक कारण दिसते. हौदाला तोंड नसते. त्यात पाणी कुठूनही येऊ शकते आणि कुठल्याही बाजूने काढता येते. नळाला पुढे फाटा फोडायचा तर आधी त्याला दिशा विसरायला लावली पाहिजे, आणि हौद ते करतो. आज शेतचारीवर सिमेंटची जी विभाजन पेटी बसवतात, तीही त्याच जातीची. त्या गवंड्यांनी असा विचार केला होता असे माझे म्हणणे नाही. हातांना जे सुचते ते दर वेळी डोक्यातून जावेच लागते असे नाही.

इथे मला जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. आमची दीड एकर धानाची जमीन एका लघुवितरिकेच्या अगदी टोकाला होती. टोकाला आमच्याकडे टेल म्हणतात. मी शाळेत असताना एका वर्षी पावसाने ताण दिला, वर नहर वाहत होता, पण टेलवर पाणी आले नाही. लोंबीत दाणा भरायच्या दिवसांत बांध्या भेगाळल्या. वडील आणि आणखी पाच-सात जण एका कचेरीत गेले, मीही बरोबर होतो. तिथल्या साहेबांनी टेबलावर निळा नकाशा पसरला आणि बोट ठेवून दाखवले: हा मुख्य कालवा, एवढी तळरुंदी, एवढा उतार, ही वितरिका, एवढा विसर्ग, ही तुमची. सगळे बरोबर आहे, पाणी पोचायला हवे. ते खोटे बोलत नव्हते. नकाशात पाणी पोचत होते. वडील परत येताना काहीच बोलले नाहीत. मी मात्र त्या नकाशाने भारून गेलो होतो, आणि आरेखक व्हायचे खूळ माझ्या डोक्यात तिथेच शिरले. त्या नकाशात काय नव्हते हे समजायला पुढची चाळीस वर्षे गेली.

त्यात फाटे नव्हते. प्रत्येक ओळीचा लांब छेद होता, आडवे छेद होते, आणि प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर होती. दोन ओळी मिळतात तिथे फक्त एक ठिपका.

या ठिपक्यात काय काय घडते याचा शोध विसाव्या शतकात लागला, आणि त्यातला मोठा वाटा पुण्याचा आहे. १९२६ साली बुल्ले या जर्मन अभियंत्याने प्रयोगशाळेतल्या कालव्याला फाटा काढून पाहिले. पाणी दोन्हीकडे सारखे वाटले गेले तरी तळाशी सरकणारा गाळ बहुतांश फाट्यात शिरला. कारण असे की वरचे पाणी वेगात असते, ते सरळ जाऊ पाहते. तळाचे पाणी मंद, ते सहज वळते, आणि वळताना तळची वाळू घेऊन वळते. म्हणजे फाट्यावर पाणी नुसते वाटले जात नाही, ते निवडले जाते. पुण्याजवळ खडकवासल्याला मुंबई इलाख्याने १९१६ मध्ये सुरू केलेल्या पाटबंधारे संशोधनाच्या कामातून जे केंद्र उभे राहिले, तिथे सर क्लॉड इंग्लिस यांनी नद्या आणि कालव्यांच्या लहान प्रतिकृती बांधून वर्षानुवर्षे हेच पाहिले. सिंधमधला सक्करचा बंधारा १९३२ मध्ये सुरू झाला आणि उजव्या काठच्या कालव्यांत गाळ भरू लागला, तेव्हा त्यावरचा उपाय खडकवासल्याच्या मैदानावर वाळू आणि पाण्यात शोधला गेला. इंग्लिस यांचा मोठा ग्रंथ १९४९ मध्ये पुण्याहूनच निघाला. नदीला फाटा कुठे फोडायचा, कोणत्या वळणावर, हे समीकरणांनी पुरते सुटेना, म्हणून त्यांनी नदीच लहान करून मांडली. शाळेसाठी मी फळीवर जे करायला निघालो होतो त्याचे हे फार मोठे, फार गंभीर रूप.

आता माझ्या फळीकडे. अठरा मिलिमीटरची फळी, मुख्य खाच बारा मिलिमीटर खोल, फांद्याही तेवढ्याच खोल धरल्या, कारण तळ एका पातळीत आला की सांधा छान दिसतो. वेगळ्या खोल्या घेतल्या तर सांध्यात पायरी उमटते, आणि पडद्यावर ती पायरी चूक केल्यासारखी डोळ्यांत खुपते. कोरून आणली, पाणी शोषू नये म्हणून दोन हात ऑइलपेंट दिला. शाळेत द्यायच्या आधी गावातल्या एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला दाखवावी असे मनात आले. पाटकरी म्हणजे नहरावर पाणी सोडणारा माणूस. हे काका तीस-पस्तीस वर्षे त्याच नहरावर होते. त्यांनी चष्मा पुसला, फळी दोन्ही हातांनी उचलून डोळ्यासमोर आडवी धरली आणि पाहिले.

“दिसाले तं लय मस्त हाये. पण हे बराबर नाही, बाप्पू.”

“काऊन, काका?”

“फाट्याचा तळ नहराच्या तळाबराबर ठेवला तू. मंग पाणी कमी असलं का पयलाच फाटा सारं गिळून घेईन. टेलवाल्यायले काय भेटन? फाट्याचा तळ वर पायजे. उंबऱ्यावानी.”

उंबरा. मी ज्या पायरीला चूक समजून पुसून टाकले होते, ती पायरीच तिथे हवी होती. नहर तुडुंब असताना तिचा फारसा फरक पडत नाही. पाणी उतरले की ती बोलू लागते: वरच्या फाट्याचा उंबरा जितका उंच तितके पाणी पुढे सरकते. शिवाय तळची वाळू उंबऱ्याला अडते, म्हणजे बुल्लेच्या प्रयोगातली खोडही काही अंशी जिरते. काका पुढे सांगत गेले. कोणत्या फाट्याचा उंबरा बांधतानाच खाली बसला होता, कोणता रात्री कुणी सब्बलीने फोडला होता, आणि कुठे ते स्वतः दगड, चिखल नि तणसाची पेंडी लावून त्या रात्रीपुरता उंबरा उंच करत. कोणत्या वर्षी कुणाचे धान वाचले ते त्यांना बांधीच्या नावासकट आठवत होते. मी वही आणायला उठलो, तर म्हणाले, लिहून काय करतोस, आता तिथे सारे नवीन झाले.

मी तरी लिहिले. खानदेशात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीने शेकडो वर्षे पाणी वाटले गेले. तिथेही पाटकरी, हवालदार, जागल्या अशी माणसे नेमलेली असत, आणि त्या पद्धतीवर अभ्यासकांनी भरपूर लिहिले आहे. आमच्या झाडीकडच्या जुन्या तलावांवरही लिहिले गेले, मालगुजारी गेल्यावर त्यांचे काय झाले यावरही. पण एका साध्या सरकारी लघुवितरिकेच्या पाचव्या फाट्याचा उंबरा किती उंच होता, हे कुठल्या पुस्तकात असणार? माझ्या वहीत आता अकरा फाटे आहेत. वडिलांच्या त्या वर्षाविषयी मी काकांना विचारले. ते तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. बराच वेळ आठवून म्हणाले, तिसरा फाटा. त्याचा उंबरा त्या साली खचला होता. कुणी फोडला नव्हता, नुसता खचला होता.

घरी येऊन मी फाइल उघडली. प्रत्येक फांदीचा छेद वर सरकवला, बाराऐवजी आठ मिलिमीटर खोल. संगणकाने काही कुरकुर केली नाही. सांध्यात स्वच्छ पायरी उमटली आणि डाव्या बाजूच्या यादीत एक ओळ वाढली. दुसरी फळी कोरून आणली. रविवारी सकाळी काकांच्या अंगणात बाजेवर ती ठेवली, एका टोकाखाली पाटीचा तुकडा सरकवून उतार दिला, आणि काकांनी लोट्याने पाणी सोडले. आधी भरभरून, मग धार बारीक केली. पहिल्या फाट्यात थोडे गेले, दुसऱ्यात गेले, तिसऱ्यात जरा जास्तच. चौथ्यात ओल आली आणि थांबली. काका वाकून पाहत होते.

“तिसरा अर्धा सूत वर घे,” ते म्हणाले.

अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरहून किंचित जास्त. मी वहीत लिहून घेतले, आणि ते पुन्हा लोटा भरायला उठले.